यशला यमक कोणतं: ब्रश की कॅश?

वही घेऊन दवाखान्यात येणारे पेशंट कमीच. लोक येतात ते जुने केसपेपर, एक्स-रेची पाकिटं, नाहीतर कुठल्यातरी मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घेऊन. त्यामुळं ताडकळसच्या ओपीडीत एका सकाळी एका आईनं पिशवीतून पहिलीतल्या मुलाची इंग्रजीची वही काढून टेबलावर ठेवली, तेव्हा मी आधी पोराकडं पाहिलं आणि मग वहीकडं. पोरगं ठणठणीत होतं. वहीत मात्र लाल फुल्या होत्या.

मुलाचं खरं नाव देत नाही. त्याच धाटणीचं दुसरं घेते. यश म्हणू. गृहपाठ असा होता: आपल्या नावाशी यमक जुळणारे पाच इंग्रजी शब्द लिहा. यशनं दोनच लिहिले होते. एक ‘ब्रश’ आणि दुसरा ‘क्रश’. हा दुसरा वडिलांच्या मोबाइलवरच्या कँडी क्रश खेळातून आलेला. दोन्हींवर फुली. खाली बाईंच्या अक्षरात बरोबर उत्तरं: कॅश, डॅश, क्रॅश, वॉश. आणि समासात शेरा, की मुलगा नीट ऐकत नाही, कान तपासून घ्यावेत.

“शाळेतून सांगितलंय मॅडम, म्हणून आणला,” आई म्हणाली. सोबत आलेली आजी मात्र चिडलेली. “घरी तर खिशात पैसे वाजले तरी दुसऱ्या खोलीतून पळत येतंय लेकरू. ह्याला काय झालंय ऐकायला?”

आजीचं निरीक्षण माझ्या तपासणीइतकंच चोख निघालं. कानात मळ नव्हता, पडदे स्वच्छ आणि चकचकीत होते. मी त्याच्या मागं हातभर अंतरावर उभी राहून कुजबुजत आकडे म्हटले. त्यानं एकूण एक परत म्हणून दाखवले. मग मी ती वही पुन्हा पाहिली आणि ‘यश’ हा शब्द दोनदा मोठ्यानं म्हटला. तुम्हीही म्हणून पाहा. यश. ब्रश. क्रश. आता म्हणा: यश, कॅश. कुठलं जुळतं?

पोराचा कान शंभर टक्के बरोबर होता. बाईंनी यमक कानानं नव्हे, डोळ्यांनी शोधलं होतं. यशचं स्पेलिंग वाय-ए-एस-एच, म्हणून शेवटी ए-एस-एच असलेले सगळे शब्द त्याचे सोबती. त्या नादात ‘वॉश’ही यादीत घुसला. तो तर स्वतः ‘कॅश’शीसुद्धा जुळत नाही, यशशी तर लांबच. बाईंना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. एकेका वर्गात पन्नास मुलं, हातात छापील पुस्तक, त्यात ‘वर्ड फॅमिली’ नावाचा तक्ता, आणि त्यांचं स्वतःचं शिक्षणही याच पद्धतीनं झालेलं. पण त्या चुकीच्या फुलीमुळं एक धडधाकट मूल सव्वा दोन तास रांगेत बसून कानाच्या तक्रारीसाठी माझ्यापर्यंत आलं. एवढ्यावर भागलं तर ठीकच. भीती पुढची आहे. आपल्याला ऐकू येतं ते चूक असतं, हे त्या पोरानं मनावर घेतलं तर?

यमक ही कवींची मिरासदारी आहे असं आपल्याला वाटतं. डॉक्टरच्या दृष्टीनं ती मेंदूची एक कसरत आहे. शब्द ऐकायचा, त्याचा अर्थ क्षणभर बाजूला ठेवायचा, पुढचा तुकडा सोडून शेवटचा तुकडा मनात धरायचा, आणि तसाच शेवट असलेला दुसरा शब्द आठवणीतून उचलून आणायचा. हे करायला कान चांगला लागतो, स्मरणशक्ती लागते, आणि मुख्य म्हणजे शब्द हा आवाजाचा बनलेला असतो, त्याचे तुकडे करता येतात, ही जाण लागते. तीन वर्षांच्या मुलाला ‘गाय’ म्हणजे दूध देणारी, एवढंच ठाऊक असतं. गायमध्ये ‘ग’ आहे आणि ‘पाय’मध्येही ‘आय’ आहे, हे कळायला वेळ लागतो.

त्यातही नाव हा वेगळाच शब्द. मुलाच्या आयुष्यात सर्वांत आधी ओळखीचा होणारा आवाज बहुधा त्याच्या नावाचाच. १९९५ साली अमेरिकेत मँडेल, जुशिक आणि पिसोनी या संशोधकांनी साडेचार महिन्यांच्या बाळांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. बाळाला एकदा त्याचं नाव ऐकवायचं, एकदा तशाच ठेक्याचं दुसरं नाव. बाळं स्वतःचं नाव जास्त वेळ लक्ष देऊन ऐकत होती. नावाचा अर्थ त्यांना कळत नव्हता, हे आपलं नाव आहे हेही कदाचित नाही. पण त्या आवाजाचा साचा पक्का झालेला होता. म्हणून नावावर यमक जुळवायला सांगणं हा खेळ मला मुळात आवडतो. घरचाच शब्द, रोज कानावर पडणारा. फक्त त्याची सोयरीक इंग्रजीतच जुळवायचा हट्ट असेल, तर पंचाईत सुरू होते.

ती पंचाईत काय आहे ते थोडं सविस्तर सांगते. इंग्रजी यमकात शब्दातल्या जोर दिलेल्या स्वरापासून शेवटापर्यंत सगळं जुळावं लागतं. ‘टेबल’ला ‘केबल’ चालतं. ‘पेन्सिल’ चालत नाही, शेवटी ‘ल’ असला तरी. मराठीत शब्दावर असा ठोसा पडत नाही. ‘पाणी’ला ‘गाणी’, ‘मामा’ला ‘कामा’, एवढ्यावर आपलं भागतं. आता आपल्या पोरांची नावं घ्या. ज्ञानेश्वरी, श्रीकृष्ण, भाग्यश्री, वेदांत, समृद्धी. यांना इंग्रजी यमक शोधायला सांगणं म्हणजे गंगाखेडला जाणाऱ्या एसटीत बसवून लंडन कधी येतंय ते विचारणं. नीलची चंगळ: व्हील, मील, सील, फील. ओमचंही बरं चाललंय: होम, रोम, डोम. वर्गात त्या दोघांना पाच-पाच शाबासक्या, आणि ज्ञानेश्वरीच्या वहीत कोरा कागद. तिची बुद्धी कमी पडली नाही. तिचं नाव ज्या भाषेतलं आहे त्या भाषेत तिला कुणी विचारलं नाही.

आणखी एक गंमत जयची. जय हे नाव आपण ‘जय हिंद’मधल्या जयसारखं उच्चारतो. त्याचं स्पेलिंग जे-ए-वाय केलं, की गृहपाठासाठी तो ‘जे’ होतो आणि मग ‘डे’, ‘प्ले’, ‘वे’ सगळे त्याच्या गोतात येतात. एक आजोबा मला सांगत होते, “पोरगं आता घरीपण ‘जे’ म्हटल्याशिवाय ओ देत नाही.” म्हणजे शब्दाला नाव जुळवायच्या ऐवजी नावच शब्दाला जुळवलं.

अमित, रोहित, अजित यांची अडचण तर शुद्ध शरीरशास्त्रातली आहे. स्पेलिंग पाहिलं तर ‘हिट’, ‘फिट’, ‘सिट’ एकदम चपखल. पण आपल्या कानाला ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ऐकू येतात. ‘त’ला जीभ दातांना लागते, ‘ट’ला ती वळून टाळूकडं जाते. इंग्रजीतला टी या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी असतो आणि आपल्याला तो ‘ट’सारखा वाटतो. इंग्रज माणसाला हा भेद ऐकूच येत नाही. याच भेदावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. म्हणजे जन्मतः सगळ्या जगाच्या भाषांसाठी उघडा असलेला कान वर्षभरात आपल्या घरच्या भाषेपुरता घट्ट होतो. परभणी जिल्ह्यातल्या बाळाचा कान ‘त’ आणि ‘ट’ धरून ठेवतो, कारण त्याला ‘तू’ आणि ‘टाक’ दोन्ही दिवसभर ऐकायचे असतात. पुढं पाच वर्षांनी त्याच पोरानं ‘रोहित’ला ‘हिट’ जुळत नाही म्हणून कोरा कागद दिला, तर त्यानं कान शाबूत असल्याचा पुरावाच दिला.

मग मुलाचा कान तपासायला यमकाचा काही उपयोग आहे की नाही? आहे, आणि भरपूर आहे. फक्त ते यमक घरचं हवं.

आपल्या भाषेत यमकासारखा एक कारखाना रात्रंदिवस चालू असतो, आपलं लक्ष नसतं इतकंच. चहाबिहा. पाणीबिणी. पुस्तकबिस्तक. शाळाबिळा. पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ ठेवायचं आणि बाकीचं तसंच ओढायचं. हा नियम कुणी शिकवलेला नसतो. तरी चार-साडेचार वर्षांचं मूल कधी न ऐकलेल्या शब्दालाही तो बरोबर लावतं. एका छोकरीनं माझ्यासमोर आईला विचारलं होतं, “इंजेक्शन-बिंजेक्शन देणार नाहीत ना?” इंजेक्शनची सुरुवात स्वरानं होते, त्यामुळं नियम जरा वाकवावा लागतो, तिनं तो वाकवला होता. काटेकोर पाहिलं तर हे प्रत्येक वेळी यमक नसतं. ‘यश-बिश’मध्ये स्वरच बदलतो. पण मेंदूची कसरत तीच. पुढचा तुकडा तोडा, मागचा सांभाळा.

गेली काही वर्षं ओपीडीत मी हा खेळ खेळते. पोराचं नाव विचारायचं, नावाला ‘बि’ लावायचं, पोरगं हसतं, आणि मग त्याला म्हणायचं, आता तू लाव: भाकरी? गाडी? वावर? ही काही प्रमाणित चाचणी नाही, आणि यावरून मी कुणाचं निदान करत नाही. पण तीस सेकंदांत तीन गोष्टी दिसतात. मुलाला माझं ऐकू येतंय का, ते स्पष्ट बोलतंय का, आणि शब्दाचे तुकडे करणं त्याला जमतंय का. यशनं ‘भाकरी-बिकरी’ म्हणून झाल्यावर माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडं बोट दाखवून “डॉक्टर-बिक्टर” असंही जोडून दिलं. आजी म्हणाली, “बघा, हे म्हणं ऐकत नाही!”

या खेळाचा आणि वाचनाचा संबंध आहे का, यावर बरंच काम झालेलं आहे. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली ‘नेचर’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. चार आणि पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांना, ज्यांना अजून वाचता येत नव्हतं, तीन-चार शब्द ऐकवून त्यांतला न जुळणारा शब्द ओळखायला सांगितलं. ज्यांना ते तेव्हा जमलं, ती मुलं पुढं काही वर्षांनी वाचनात आणि स्पेलिंगमध्ये पुढं होती. त्यांतल्या मागं पडलेल्या काही मुलांना शब्दांच्या आवाजावरून गट पाडायचा सराव दिला, तर त्यांचं वाचन सुधारलं. विशेषतः त्या आवाजांची सांगड अक्षरांशी घालून दिली तेव्हा. पुढं इंग्लंडमधल्याच इतर संशोधकांनी यावर वाद घातला. त्यांच्या मते वाचनासाठी यमकापेक्षा सुटे सुटे ध्वनी ओळखता येणं जास्त महत्त्वाचं. हा वाद मला पटतो, पण त्यामुळं यमक निरुपयोगी ठरत नाही. पायरी खालची असली तरी ती पायरीच.

आपल्या लिपीचा हिशेब मात्र वेगळा आहे आणि तो इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. देवनागरीत आपण अक्षर लिहितो, सुटा ध्वनी नाही. ‘का’मध्ये क आणि आ एकत्र चिकटलेले. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. कन्नड लिपीही आपल्यासारखीच अक्षरांची. तिथल्या मुलांना शब्दातली अक्षरं लवकर वेगळी करता येतात, पण अक्षरातले सुटे ध्वनी ओळखणं सावकाश येतं आणि त्यासाठी तीन-चार वर्षं लागू शकतात, असं त्यातून दिसतं. म्हणजे पहिलीतल्या मराठी मुलाला इंग्रजी पद्धतीनं ध्वनी सोडवता आले नाहीत तर लगेच कपाळाला हात लावायचं कारण नाही. त्याला ‘कमळ’मधली तीन अक्षरं टाळ्या वाजवून मोजता येतात का, ते आधी बघा.

इथं आजी लोकांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. आमचा जिल्हा जनाबाईंचा. गंगाखेड इथून फार लांब नाही. जात्यावर बसलेली बाई दळता दळता ओवी रचायची, आणि मांडीवरचं लेकरू तो ठेका आणि ते जुळणारे शेवट ऐकत झोपायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा करून ठेवल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पोराचा कान तयार करायचं काम त्या रोज पहाटे करत होत्या. जातं परत आणा असं मी म्हणणार नाही. त्या दळणानं गेलेल्या कंबरा मी तपासते. मोबाइलवरचं इंग्रजी गाणं लावून मूल समोर बसवलं, तर यमक त्याच्या कानावर पडतं, पण कुणी थांबून त्याच्या तोंडून पुढचा शब्द काढून घेत नाही. मांडीवर घेऊन म्हटलेल्या बडबडगीतात ते आपोआप होतं.

आता दुसऱ्या मुलीची गोष्ट. ती सांगितली नाही तर यशच्या गोष्टीवरून चुकीचा अर्थ निघेल.

ही सात वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. तक्रार सर्दीची होती, कानाची नव्हती. महिनाभर नाक वाहतंय, रात्री तोंड उघडं टाकून झोपते, घोरते. मी सवयीनं ‘बि’चा खेळ काढला. ती माझ्या तोंडाकडं एकटक बघत होती. भाकरी? “बिकरी.” गाडी? “बिडी.” मग मी केसपेपर तोंडासमोर धरला आणि म्हटलं, वावर. ती गप्प. पुन्हा म्हटलं. ती म्हणाली, “बाबर?” शाळा म्हटलं, तर “काळा?” स्वर पोचत होते, व्यंजनं गळत होती. ती इतके दिवस अर्धं ओठ वाचून काम भागवत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. आई म्हणत होती, “टीव्हीचा आवाज लई मोठा करते हो. आम्हाला वाटलं नाद लागलाय.”

तिच्या दोन्ही पडद्यांमागं पाणी साठलेलं दिसत होतं. याला ग्लू इअर म्हणतात, कारण ते पाणी पुढं डिंकासारखं घट्ट होतं. नाकाच्या मागच्या बाजूनं कानात जाणारी नळी सर्दीनं किंवा वाढलेल्या अॅडेनॉइड्सच्या गाठींनी बुजते आणि पडद्यामागची हवा जाऊन तिथं पाणी येतं. दहा वर्षांच्या आतल्या बहुतेक मुलांना हे कधी ना कधी होऊन जातं. दुखत नाही, कान वाहत नाही, ताप नसतो, म्हणून कळत नाही. ऐकणं साधारण २० ते ३० डेसिबलनं कमी होतं. आपण गप्पा मारतो तो आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो, कुजबुज ३०. म्हणजे मुलाला समोरून बोललेलं ऐकू येतं, पण मागच्या बाकावर बसून फळ्याकडं तोंड करून बोलणाऱ्या गुरुजींचं अर्धंच पोचतं. त्यातही ऐकणं एक दिवस बरं, एक दिवस वाईट. मग “मनात येईल तेव्हा ऐकतो” असा शिक्का बसतो.

यावर उपचार काय? बहुतेकांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप जिरतं. म्हणून तेवढा काळ वाट पाहायची, मुलाला पुढच्या बाकावर बसवायचं, त्याच्याकडं तोंड करून बोलायचं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. अँटिबायोटिक किंवा सर्दीच्या गोळ्यांनी हे पाणी लवकर जात नाही, तरी मेडिकलवरून बाटल्यांवर बाटल्या घेतल्या जातात. कानात कोमट तेल तर अजिबात घालू नका. पाणी पडद्याच्या आत आहे, तेल बाहेर. घरात चुलीचा धूर किंवा कुणाची विडी-सिगारेट असेल तर ती मुलाजवळून लांब करा. तान्ह्याला आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजू नका. तीन महिन्यांनीही ऐकू कमीच येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जायचं, ऑडिओमेट्री करायची, आणि गरज पडली तर पडद्यात बारीक नळी बसवतात. कानातून घाण वास येणारा पू येत असेल तर तो आजार वेगळा. त्यात तीन महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं. आणि नवजात बाळाचा हिशेब याहून कडक आहे: पहिल्या महिन्यात ऐकण्याची चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. कारण मघाशी सांगितलेला तो ‘त’ आणि ‘ट’चा कान वर्षभरातच घडत असतो.

सरकारी व्यवस्थेत यासाठी रस्ता आहे, तो पालकांना माहीत असावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते. पथकानं अंगणवाडीत वर्षातून किमान दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. तपासायच्या यादीत कानाचे आजार, बहिरेपणा आणि शिकण्यातल्या अडचणी तिन्ही आहेत. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, शेतात नेऊ नका. वाचनाची अडचण खरीच असेल, म्हणजे कान, डोळे, बुद्धी सगळं ठीक असून अक्षरं डोक्यात बसत नसतील, तर ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मान्य झालेली गोष्ट आहे. तिचं रीतसर प्रमाणपत्र मिळतं आणि परीक्षेत सवलतीही मिळतात. ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली येऊन गेला तरी अजून पालक मला कुजबुजत विचारतात, “डोक्यात काही फरक आहे का हो?”

यमकाची एक वाईट बाजूही दवाखान्यात दिसते. पोटदुखी. सोमवारी सकाळी दुखणारं आणि सुट्टीच्या दिवशी न दुखणारं पोट. नीट विचारलं की कळतं, वर्गात कुणीतरी नावाला घाण शब्द जुळवलाय आणि अख्खा वर्ग तो ओरडतोय. मुलाला नाव बदलता येत नाही, म्हणून हे चिडवणं ‘जाड्या’, ‘चष्मिस’ यापेक्षा खोल लागतं. पालक म्हणतात, चालायचंच. मला तसं वाटत नाही. सोनोग्राफी करण्यापेक्षा वर्गशिक्षकांशी बोला. बहुतेक पोटं तिथंच बरी होतात.

आणि नावं ठेवणाऱ्यांसाठीही एक विनंती. आता आमच्या लसीकरणाच्या दिवशी विहान, रिहान, अयान, कियान अशी रांग असते. जुळी असली तर हमखास एकाला जुळणारं दुसऱ्याचं नाव. ऐकायला गोड आहे, पण गर्दीत नर्सनं ‘अयान’ म्हटलं की तीन बाळं पुढं येतात. सारख्या आवाजाच्या नावांमुळं रुग्णाची आणि औषधाची अदलाबदल होते, हा धोका जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली रुग्णसुरक्षेच्या सूचनांमध्ये नमूद केलेला आहे. म्हणून आम्ही नावाबरोबर आईचं नाव किंवा जन्मतारीख विचारतो. कुणी विचारलं तर “आत्ताच सांगितलं ना” म्हणून चिडू नका, आणि नर्सनं विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा.

परत गृहपाठाकडं येते. शिक्षकांना माझं सांगणं एवढंच आहे, की यमकाचा गृहपाठ द्या, जरूर द्या. पण पहिल्या दोन वर्षांत तो तोंडी घ्या, मराठीत घ्या, आणि तपासताना डोळे मिटून तपासा. नाव नको, निदान नावाचीच सक्ती नको. मांजर, भाकर, गाडी चालेल. इंग्रजी शब्द घ्यायचा तर पोराला माहीत असलेला घ्या: बॉल, कॅट, पेन. अर्थ नसलेला शब्द जुळवला तरी तो बरोबर धरा. ‘भाकर’ला कुणी ‘ढाकर’ म्हणालं तर कानानं काम केलं, शब्दकोश नंतर बघू. आणि ज्या मुलाला घरच्या भाषेतही, खेळात, चार-पाच वेळा प्रयत्न करूनही जमत नाही, त्याच्या वहीवर फुली मारण्याऐवजी त्याला आमच्याकडं पाठवा. शेरा लिहिलात तरी चालेल.

यशच्या वहीत मी त्या शेऱ्याखाली पेननं लिहून दिलं: दोन्ही कान उत्तम; ब्रश आणि क्रश ही उत्तरं बरोबर आहेत. सही केली आणि दवाखान्याचा शिक्काही मारला. शिक्का पाहून आजीचं समाधान झालं. बाईंना ते आवडलं की नाही, ते कळलेलं नाही. त्या मुलीचे तीन महिने पुढच्या आठवड्यात भरतात. आईला तारीख केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहून दिली आहे.